किडे खाणारी झाडे आणि आमची मुले

स्मरणिकेसाठी 'काहीतरी माहितीपर लिहा' असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. बँकेत काउंटरवर बसून लोकांची पासबुके भरून देणारा माणूस, त्यातून शिक्षण कला शाखेचे, तो माहितीपर काय लिहिणार? परंतु २०२३ च्या पावसाळ्यापासून रविवारच्या मुलांच्या वर्गात एक विषय वारंवार निघतो आहे, आणि त्या विषयात वर्ग घेणारे आम्ही तीन-चार पालक मुलांच्या बरोबरीने, क्वचित मुलांच्या मागून, शिकत आलो आहोत. तो विषय म्हणजे किडे खाणाऱ्या वनस्पती. तेव्हा तेच लिहितो.

सुरुवात भीतीपासून झाली. सहावीतल्या एका मुलाने मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली. तीत एक अजस्र झाड फांद्यांनी माणसाला गुंडाळून गिळते. त्याने ती हकिगत तिखटमीठ लावून लहान मुलांना सांगितली. पुढच्या रविवारी पहिलीतल्या एका मुलीची आई सांगू लागली की, पोरगी संध्याकाळी न्हाणीकडे जायला तयार नाही, कारण तिथे अळूची मोठी पाने आहेत! आम्ही हसलो, पण हसून भागणारे नव्हते. 'असे काही नसते' एवढे म्हणून मुलांचे समाधान होत नाही. शिवाय ते पुरते खरेही नाही. माणूस खाणारे झाड नाही, पण माशी खाणारे झाड आहे. मग काय आहे आणि काय नाही हे नीट सांगायला हवे, आणि त्यासाठी आधी आपल्याला माहीत हवे.

वाचू लागलो तेव्हा समजले की, माणूस खाणाऱ्या झाडाची गोष्ट मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. १८७४ साली अमेरिकेतील 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राने मादागास्कर बेटावरील अशा एका झाडाची सविस्तर हकिगत छापली. झाडाला बळी दिलेली स्त्री, ती टोळी, ते पाहणारा प्रवासी, सारे काही त्यात होते. आणि ते सारेच्या सारे बनावट होते. ना तशी टोळी, ना तसे झाड. तरीही पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट या छापखान्यातून त्या छापखान्यात फिरत राहिली. खरी मर्यादा सांगायची तर बोर्निओ बेटावरील एका मोठ्या घटपर्णीच्या पेल्यात कधीमधी उंदीर बुडून मेलेला आढळला आहे. त्यापलीकडे या झाडांची मजल नाही. हे सांगितल्यावर लहानग्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्यांची मात्र थोडी निराशा झाली, हेही नमूद केले पाहिजे.

मग मुलांनी हट्ट धरला, 'काका, दाखवा.' आम्ही उत्साहाच्या भरात वर्गणी काढून एका रोपवाटिकेतून 'व्हीनस फ्लायट्रॅप' नावाचे रोप मागविले. हे झाड जगात फक्त अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांच्या किनारी भागात आपसूक उगवते. त्याच्या पानाच्या टोकाला दोन पाळ्या असतात, पुस्तक उघडून ठेवावे तशा. प्रत्येक पाळीच्या आतल्या अंगाला साधारणपणे तीन बारीक केस असतात. माशीचा धक्का त्या केसाला एकदा लागला तर काहीच होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तर मात्र पापणी लवते न लवते तोच पाळ्या मिटतात.

एका धक्क्याला का मिटत नाही, असे मुलांनी विचारले. आम्हांला आमच्या धंद्यातला दाखला सुचला. मोठ्या रकमेच्या कागदाला बँकेत एक सही चालत नाही, दोन सह्या लागतात. पहिली सही चुकूनही झालेली असू शकते. वाऱ्याने उडालेला कचरा किंवा पावसाचा थेंब केसाला लागला तर प्रत्येक वेळी पान मिटवणे झाडाला परवडणारे नाही. मिटल्यानंतरही खर्च लगेच मंजूर होत नाही! आत सापडलेला किडा धडपडू लागला आणि केसांना आणखी धक्के बसले, तरच पाचक रस सुटू लागतो. हे झाड असे धक्के मोजते, आणि पाचाच्या आसपास मोजणी गेली की पचनाची तयारी सुरू होते, असे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. किडा पचायला आठ-दहा दिवस लागतात. पान पुन्हा उघडते तेव्हा आत कोरडे टरफल उरलेले असते.

आमचे रोप दीड महिन्यात मेले. त्याचा दोष आमचाच. मुलांनी दर रविवारी काडीने टोचून टोचून पाने मिटवून पाहिली. एकेक पान अशी मिटझाप थोड्याच वेळा करू शकते, मग ते निकामी होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्याहून मोठी चूक म्हणजे आम्ही कुंडीत तांबडी माती आणि चांगले गांडूळखत घातले, आणि नळाचे पाणी दिले. एका मुलाने डोळ्यांत पाणी आणून विचारले, 'काका, एवढे चांगले खत घातले तरी ते मेले का?' त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. नंतर वाचून कळले ते असे की, ते खत घातले म्हणूनच मेले.

इथे या विषयाची खरी मेख आहे, म्हणून थोडे थांबतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, ही झाडे आपले अन्न तयार करीत नाहीत म्हणून किडे खातात. तसे नाही. त्यांची पाने हिरवी असतात आणि इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशात ती आपली साखर आपणच बनवतात. त्यांना कमी पडते ते नत्र आणि स्फुरद. शेतकरी ज्यासाठी युरिया आणि सुपर फॉस्फेट आणतो तेच. ही झाडे जिथे वाढतात ती जागा पाणथळ, आंबूस, पावसाने धुऊन निघालेली असते. तिथल्या मातीत नत्र जवळजवळ नसते. इतर झाडे अशा जमिनीत तग धरत नाहीत. यांनी मुळांऐवजी पानांकडून नत्र मिळवायची सोय केली, आणि किड्याच्या अंगात नत्र भरपूर असते. म्हणजे किडा हा या झाडाचा भात नव्हे, त्याचा युरिया आहे. उलट, खतावलेल्या मातीतले आणि नळाच्या पाण्यातले क्षार त्याच्या मुळांना सोसत नाहीत. पावसाचे पाणी आणि निकृष्ट जमीन, एवढेच ते मागते. आम्ही त्याला आमच्या मापाने सुख द्यायला गेलो.

हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना पटले की नाही कोण जाणे. पण मग ठरले की, झाड विकत आणायचे नाही, झाड असेल तिथे आपण जायचे. आणि त्यासाठी कॅरोलिनाला जाण्याची गरज नव्हती. सातारहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. आमच्यापैकी काहींनी ते पूर्वीही पाहिले होते, म्हणजे फुलांपुढे उभे राहून फोटो काढले होते. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला त्यात कासही आहे. तेव्हापासून तिथली गर्दी आणि तिथले नियम दोन्ही वाढले. नियम वाढले हे बरेच झाले.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती त्या दिवशी, एकोणीस मुले आणि आम्ही चार मोठी माणसे निघालो. बरोबर दोन भिंगे, डबे आणि प्रत्येकाची छत्री. पठारावर पोचलो तर धुके. मुले शोधू लागली ती आपल्या कमरेएवढे काहीतरी. अर्धा तास गेला, कोणालाच काही दिसेना. 'काका, इथे नाहीत,' असा निकालही झाला. तेवढ्यात तिथल्या गावातल्या एक मार्गदर्शक ताई आमच्याजवळ आल्या आणि आम्हांलाच म्हणाल्या, 'दादा, जरा पाय उचला.'

पाय उचलला. बुटाखाली रुपयाच्या नाण्याएवढी लालसर चक्रे होती, जमिनीला चिकटून बसलेली. त्यांतली दोन चिरडली गेली होती. ती दवबिंदू वनस्पती. आम्ही ज्यांच्या शोधात आलो होतो त्यांच्यावरच उभे राहून त्यांना शोधत होतो. मुलांदेखत खजील झालो. पुढचे दोन तास मात्र एकाही मुलाला 'सांभाळून चाल' असे सांगावे लागले नाही.

कासला दवबिंदूचे दोन प्रकार दिसतात. एक हा चक्राकार. दुसरा उभा, गवताच्या पात्यासारख्या बारीक पानांचा, त्याला गवती दवबिंदू म्हणतात. पानावर सर्वत्र बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चमकणारा थेंब. दूरून दव पडले आहे असे वाटते. पण दुपारी ऊन आले, गवतावरचे दव उडून गेले, तरी हे थेंब तसेच. ते पाणी नसून डिंकासारखा चिकट रस असतो. त्याला भुलून चिलटासारखा किडा बसतो आणि चिकटतो. सुटायला जितका धडपडेल तितका अधिक तंतूंना चिकटतो. आजूबाजूचे तंतू हळूहळू त्याच्याकडे वाकतात. चक्राकार दवबिंदूचे कडेचे तंतू तर काही सेकंदांतही वाकू शकतात. किडा थकून, किंवा श्वासाची छिद्रे चिकट रसाने बुजल्यामुळे मरतो. मग पाचक रस आणि पुढचे सगळे.

भिंगातून एका मुलीला एका पानावर चिलटाचे नुसते टरफल दिसले, पंखांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, 'याच्या फुलाला परागकण आणायला जो किडा येईल, त्यालाही हे खाते का?' आम्ही ताईंकडे पाहिले. ताईंनी बोटाने दाखवले, फुलाचा दांडा पानांपासून चांगला उंच वर गेलेला होता. पाहुण्यांचे दार वेगळे आणि सापळा वेगळा.

डबा खाताना आणखी एक प्रश्न निघाला. तो या स्मरणिकेच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो. वर्गात मुले दर रविवारी पंचशील म्हणतात. आठवीतल्या एका मुलाने विचारले, 'मग हे झाड पहिले शील मोडते का?' मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी आम्ही आम्हांला समजले तसे सांगितले. शील घ्यायला ते मोडण्याची आणि पाळण्याची दोन्ही ताकद असावी लागते. झाडाला ती निवड नाही. आपल्याला आहे. त्यावर तोच मुलगा हळूच म्हणाला, 'काका, आपल्या कुंडीतल्या झाडावर आम्ही मुंग्या पकडून टाकत होतो.' हे आम्हांला माहीत नव्हते. कोणी कोणाला रागावले नाही. मुलांनीच आपसांत ठरवले की, यापुढे आपणहून येऊन बसेल तो किडा पाहायचा, हाताने टाकायचा नाही.

जेवण झाल्यावर ताईंनी सगळ्यांत मोठा धक्का दिला. समोर पठारभर जांभळ्या फुलांचा गालिचा पसरलेला होता. त्याला लोक सीतेची आसवे म्हणतात. वनवासात सीता रडली, तिच्या अश्रूंची ही फुले झाली अशी कथा सांगतात. ताई म्हणाल्या, 'हे पण किडे खाणारेच.' मुले उठून उभीच राहिली. म्हणजे सकाळपासून आपण शिकारी झाडांच्या गावातच बसलो होतो! आणि कोणाला काही झाले नव्हते. अळूला भिणाऱ्या त्या मुलीने आईचा हात सोडून पायवाटेच्या कडेला बसून ते फूल जवळून पाहिले. आमच्या दृष्टीने सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

या झाडाचे सापळे जमिनीखाली, ओल्या मातीत असतात, म्हणून दिसत नाहीत. उपटून पाहणे नियमाने बंद आहे आणि ते बरोबरच आहे. म्हणून परतल्यावर वर्गात आम्ही औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर घेऊन ते समजावले. ड्रॉपरचे रबर दाबून धरा, टोक पाण्यात बुडवा आणि रबर सोडा. पाणी सर्रकन आत येते. सीतेच्या आसवांच्या सापळ्याची रीत अशीच. राईच्या दाण्याहून लहान अशी पिशवी असते. झाड तिच्यातले पाणी बाहेर टाकून तिला चपटी, ताणलेली ठेवते. तोंडाशी एक झडप आणि झडपेवर केस. पाण्यातला सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप लागते. या सगळ्याला एका सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. वनस्पतींच्या जगातील अतिवेगवान हालचालींपैकी ही एक. मुलांनी त्या दिवशी वर्गाची फरशी पाण्याने भरून टाकली, ते सोडा.

या झाडांचा कसून अभ्यास पहिल्यांदा केला तो चार्ल्स डार्विन यांनी. लिनियससारख्या थोर शास्त्रज्ञाला अठराव्या शतकात हे पटले नव्हते. पान माशीला जाणूनबुजून पकडते हे त्यांना निसर्गाच्या रीतीविरुद्ध वाटले. डार्विन यांनी १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एका माळावर दवबिंदूच्या पानांना चिकटलेले किडे पाहिले आणि पंधरा वर्षांनी, १८७५ मध्ये, कीटकभक्षी वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांना त्यांच्या प्रयोगांची यादी फार आवडली. पानावर त्यांनी दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचा रस, लाळ, इतकेच काय मूत्रही टाकून पाहिले. तंतू वाकले. साखरेचे पाणी, डिंक, ऑलिव्ह तेल आणि चहा टाकला. वाकले नाहीत. चहा आवडत नाही म्हणून नव्हे, तर ज्यात नत्र त्यालाच पान दाद देते म्हणून. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून कमी वजनाचा केसाचा तुकडा तंतूच्या टोकावर ठेवला तरी तो वाकला, पण वरून पडणाऱ्या पाण्याच्या थेंबाने वाकला नाही. पावसात राहणाऱ्या झाडाला हे शहाणपण हवेच.

तरीही किडे खाऊन झाडाचा फायदा होतो का, हा प्रश्न उरलाच होता. तो त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ मध्ये सोडवला. दवबिंदूची रोपे जाळीखाली ठेवून त्यांनी निम्म्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, निम्म्यांना काही दिले नाही. दोन्हीकडची रोपे जगली. पण खाऊ घातलेल्या रोपांच्या बियांचे वजन दुसऱ्यांच्या तिपटीहून जास्त भरले. बापाचा प्रश्न मुलाने पुरा केला, ही गोष्ट आमच्या वर्गातल्या बापांनाही आवडली.

आता घटपर्णीबद्दल थोडे, कारण पाठ्यपुस्तकात चित्र तिचेच असते आणि गोंधळही तिच्याबाबतच जास्त. आपल्या देशात घटपर्णीची एकच जात, ती मेघालयात. गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत ती आढळते. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी छोटे अभयारण्यही राखले आहे. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती टोपली हे फूल नव्हे, पानाचेच टोक आहे. २०१३ साली केरळातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तिच्या काठावर अतिनील किरण पडले की निळसर चमक दिसते आणि किडे तिकडे ओढले जातात. ओला काठ अतिशय निसरडा असतो. पाय घसरून किडा आतल्या रसात पडतो आणि बुडतो. गंमत म्हणजे त्याच रसात डासांच्या काही अळ्या मात्र सुखाने राहतात.

आणि वरचे झाकण? ते मिटत नाही. ते पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून असते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेत असेच लिहिले. 'किडा आत पडताच झाकण मिटते' असे गाइडमध्ये होते, त्यामुळे तिचे उत्तर चूक ठरले. शाळेचे नाव लिहीत नाही. ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, 'काका, खरे लिहू की मार्कांचे लिहू?' आम्ही ग्रंथालयातून एक वनस्पतिशास्त्राचे पुस्तक मिळवले, त्यात खूण घालून दिली आणि तिच्या बाईंना दाखवायला सांगितले. बाईंनी पान वाचले, पुस्तक दोन दिवस ठेवून घेतले. मार्क वाढले नाहीत. पण पुढच्या तुकडीला त्यांनी झाकण मिटत नाही असेच शिकवले, हे त्या मुलीनेच येऊन सांगितले.

ज्यांना मुलांसह जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कासला आधी नोंदणी करून जावे आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा, आमच्यासारखे करू नये. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर आणि गोव्याच्या पठारांवरही पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेच्या आसवांचे भाऊबंद दिसतात, तिथे गर्दी कमी असते. पायवाट सोडू नये. रोप उपटून आणू नये. घरी ते जगत नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत. पाहायला बसावे लागते, उभ्याने काही दिसत नाही.

येत्या सप्टेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. भिंगे आपल्याकडे दोनच आहेत आणि मुले मागच्यापेक्षा जास्त होतील असे दिसते. ज्यांच्या घरी जुने भिंग पडून असेल त्यांनी रविवारी सकाळी वर्गात आणून द्यावे.